रंगूमावशीची हजेरी

रंगूमावशी परत त्याच वखारीत हळकुंडं निवडत बसली हुती. बायांना गड्याच्या निम्मी मजुरी का, म्हणून १९७७ साली तिनं सांगलीच्या कोर्टात शेठवर दावा लावला, आन् हरली. वखारीत नवराबायको जोडीनं राबायची, पर हजेरी नवऱ्याच्याच नावावर मांडायची रीत. कोर्ट म्हनलं, ही कामावर हुती याला पुरावाच न्हाई. वर शेठच्या वकिलाचा खर्चबी हिच्यावरच.

मी म्हनलं, "मावशे, सोड की ही वखार."

"जाऊ कुठं रं? कोर्टात गेलेल्या बाईला कोण ठेवतंय? आन् मी तर कवा कामच केलं न्हाई म्हनं!"

शेठनं दीड वरीस तिच्या मजुरीतनं त्यो खर्च कापला. मावशी गेल्यावर तिच्या ट्रंकंत त्या कापलेल्या पैशाची पावती घावली. पैसे भरणाऱ्याचं नाव हुतं गुंडा, तिचा नवरा.