उस्मान मिस्त्रींची तार

ट्रॅक्टर दुरुस्तीला आणणाऱ्या प्रत्येकाला उस्मान मिस्त्री आधी विचारत, "कागद कुठं हायत?" गिऱ्हाईक गाडीची कागदपत्रं काढू लागलं की खेकसत, "गाडीचे न्हाई बे, अंगाचे! कोणतं औषध बाधतं ते घरी कुठं लिवून ठिवलंय?" दिंद्रुडला नवा आलेला माणूस हसायचा. आम्ही हसत नव्हतो.

त्यांच्या गॅरेजात कामाच्या चिठ्ठ्या एका वाकवलेल्या तारेत टोचलेल्या असत. ताजी वर, जुनी खाली. "जुनं काम मिटलं, सर. बोल्ट आवळला की इसरायचं," असं ते मला म्हणत. घरीही तशीच एक तार होती, त्यांच्या बायकोच्या, जुबेदाभाभींच्या दवाखान्याच्या कागदांची. भाभींना एकदा एका इंजेक्शनानं घसा सुजून जीव घाबरा झाला होता. डॉक्टरांनी त्या औषधाचं नाव लाल शाईनं लिहून दिलं. मिस्त्रींना वाचता येत नव्हतं. मी शेजारी, त्यातून शाळामास्तर, मीच वाचून दाखवलं आणि वर शहाणपणानं म्हणालो, "जपून ठेवा." त्यांनी ते जपून तारेत टोचलं.

वर्षानुवर्षं त्यावर नवे कागद चढत गेले. मग एकदा भाभी तापानं बेशुद्ध पडल्या. बीडला नेताना मिस्त्रींनी घाईत वरचे चार कागद काढून घेतले. तिथल्या डॉक्टरांनी विचारलं, "कुठलं औषध बाधतं का?" ते भरवशानं म्हणाले, "समदं कागदात हाय, साहेब." लाल शाईचा कागद इकडे तारेच्या तळाशी होता. भाभी परत आल्या नाहीत.

मला त्या औषधाचं नाव ठाऊक होतं. पण शाळेत परीक्षा होती, म्हणून मी बरोबर गेलो नाही. मिस्त्रींनी मला कधीच बोल लावला नाही, आणि त्याचंच मला जास्त लागतं. पुढं ते घरोघरी सांगत फिरले, "नवा कागद खाली घाला, धोक्याचा वर." स्वतःचा एखादा कागद आला की सगळी तार रिकामी करून पुन्हा लावत बसत.

गेल्या हिवाळ्यात मिस्त्रीही गेले. छातीत कळ आली तेव्हा मी त्यांच्या घरची तार उचलून बीडला बरोबर गेलो होतो. डॉक्टरांनी वरचा लाल शाईचा कागद वाचला आणि विचारलं, "या जुबेदाबाई कुठं आहेत?"

मिस्त्री डोळे मिटूनच बोलले, "तिचा कागद आणायला लई उशीर झाला, साहेब."