पुसलेल्या दोन ओळी

सोमवारी दुपारी ऑफिसात केक कापला. मुलुंडच्या आमच्या काचेच्या इमारतीत खिडक्या उघडत नाहीत, त्यामुळे क्रीमचा आणि स्ट्रॉबेरीच्या खोट्या इसेन्सचा तेलकट गोड वास संध्याकाळपर्यंत कोंडून राहिला. केकवर आमच्या नव्या टूलचं नाव होतं. मराठी वेबसाइट बनवणाऱ्यांसाठी आम्ही ते काढलंय. "आपल्या टीमने हे शून्यातून उभं केलंय," मॅनेजर म्हणाला आणि सगळ्यांबरोबर मीही टाळ्या वाजवल्या. नंतर केकचा तुकडा तसाच ठेवून दिला. किळस आली, केकची थोडी आणि स्वतःच्या हातांची जास्त. ते शून्य कुठलं होतं हे त्या खोलीत मॅनेजरला आणि मला, दोघांनाच ठाऊक होतं.

ते मुळात जिने लिहिलं, ती पहिल्या नोकरीत माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसायची, चारकोपच्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये, जिथे खालच्या गाळ्यातलं प्लास्टिक तापलं की वरच्या मजल्यावर आमचे डोळे चुरचुरायचे. तिचं घर तिथून पायी दहा मिनिटांवर. वडील कोकणातून गिरणीत आलेले, गिरणी बंद पडल्यावर वॉचमन झालेले. त्यांच्या आडनावात ‘ऱ्या’ होता, चंद्रकोरीसारखा तो अर्धा र, आणि संगणकावरच्या कितीतरी फॉर्मांना तो पेलायचा नाही. ‘दऱ्या’ लिहावं तर ‘दर्या’ उमटायचं, डोंगरातल्या खोल जागांचा एका फटक्यात समुद्र व्हायचा. प्रत्येक दाखल्यावर त्यांचं नाव चुकायचं. "माझा नाव आसा ता. धड लिवूक काय जाता ह्यांचा?" असं खिडकीपाशी भांडून ते हात हलवत परत यायचे. हे बघतच ती मोठी झाली, आणि रविवारच्या दुपारी बसून तिने त्या ‘र’साठी एक लायब्ररी लिहिली. लायब्ररी म्हणजे तयार कोड, कुणीही उचलून आपल्या वेबसाइटमध्ये बसवावा असा. तिने ती सगळ्यांसाठी खुली ठेवली. अट एकच होती, फाइलच्या माथ्यावरच्या तिच्या नावाच्या दोन ओळी तशाच ठेवायच्या.

लोकांनी ती घेतली आणि वर तिलाच झापलं. अर्जंट आहे, आजच दुरुस्त कर, असलं फालतू काम लोकांपुढे ठेवतेस कशाला, अशी भाषा. वाचताना मला शिसारी यायची. ती मात्र प्रत्येकाला शांतपणे उत्तर द्यायची. "कशाला एवढं मनावर घेतेस गं?" मी एकदा विचारलं.

"अरे, त्याचं नाव चुकतंय म्हणून चिडलाय ना तो. बाबा पण असेच चिडायचे."

पुढे मी मुलुंडच्या या कंपनीत आलो आणि येताना तिची लायब्ररीही आणली. मॅनेजरने फाइल उघडून पाहिली. "क्लायंटला बाहेरचं नाव दिसायला नको. काढून टाक." मी दोन ओळी निवडल्या आणि पुसल्या. इतकं सोपं होतं ते.

वेबपेजच्या मागचा कोड ब्राउझरमध्ये कुणालाही वाचता येतो. माथ्यावरचं नाव मी काढलं होतं, पण मधेच कुठेतरी तिने मालवणीत लिहून ठेवलेली एक टीप माझ्या नजरेतून सुटली होती. ती टीप तिला आमच्या एका क्लायंटच्या वेबसाइटवर दिसली आणि तिने फोन केला.

"तूच काढलंस ना?"

"वरून सांगितलं होतं यार."

"वरून म्हणजे कोण रे? कीबोर्डवर बोटं कुणाची होती?"

तिने फोन ठेवला. त्याच आठवड्यात तिने लायब्ररीच्या पानावर लिहिलं की यापुढे आपण हिची देखभाल करणार नाही, ज्याला हवी त्याने सांभाळावी. त्याखाली लोकांनी तिला स्वार्थी म्हटलं.

माफी मागायला मी चारकोपला गेलो तेव्हा ती क्लासमध्ये शिकवायला गेली होती. दार वडिलांनी उघडलं. त्यांनी मला ओळखलं, बसवलं, आणि आतून सोसायटीच्या सभासदांची छापील यादी आणली. त्यात त्यांचं आडनाव नीट होतं, र आपल्या चंद्रकोरीसकट. "ह्या तुम्ही दोघांनी मिळून केलास ना?" त्यांनी विचारलं. त्यांच्या चेहऱ्यावर इतका आनंद होता की मी मान हलवली. हो म्हणून. ती यायच्या आत मी पाणी पिऊन निघालो. ओळी पुसण्यापेक्षाही ती हललेली मान मला आज जास्त घाण वाटते.

केकच्या दुसऱ्या दिवशी, मंगळवारी, मी त्या दोन ओळी परत घातल्या आणि मॅनेजरला जाऊन सांगितलं. "आता कशाला?" तो म्हणाला, पण काढायला लावल्या नाहीत. तिला मेसेज केला. तिने तो वाचला. उत्तर आलं नाही, आणि ते मागायचा हक्कही मला नाही.

आमच्या धंद्यात दोन-चार वर्षांत सगळंच जुनं होतं. हे टूलही जाईल, आणि लोक तिला विसरतील तसे मलाही. पण प्रत्येक कोडमागे एक नोंदवही चालू असते, कोणती ओळ कुणी कधी लिहिली, कुणी कधी काढली, सगळं तिच्यात उतरतं. काल ती उघडून मी बराच वेळ बघत बसलो. मंगळवारची नोंद वर आहे. खाली, कितीतरी पानं खाली, तिच्या नावाच्या दोन ओळी लाल रंगात आहेत, काढलेल्या म्हणून, आणि त्यांच्यासमोर, एकही अक्षर न चुकता, माझं नाव आहे.