खोक्यावरचा बाण

आमच्या फिजिक्सच्या सरांची एक पद्धत होती. गणित फळ्यावर उतरवून झालं की ते वर्गाकडे वळायचे आणि विचारायचे, "फ्रिक्शन नेहमी?"

"उलटं, सर," अख्खा वर्ग एका सुरात म्हणायचा.

मग सर आकृतीतल्या खोक्याला घर्षणाचा बाण गतीच्या उलट्या दिशेने काढायचे आणि गणित पुढे सरकायचं. मी त्या सुरात कधीच नसायचे. सुरुवातीला त्यामागे काही बाणेदारपणा नव्हता. मी इंग्लिश मीडियममधून आलेली. काही बोलले की मागच्या बाकांवरून "मॅडम, मॅडम" सुरू व्हायचं, म्हणून मी तोंड बंद ठेवायचे.

बीएस्सीच्या पहिल्याच चाचणीत ट्रकचं गणित आलं. ट्रक थांबलेला आहे, मागे हौद्यात खोकं ठेवलंय. खोकं न घसरता ट्रक किती झपाट्याने वेग घेऊ शकेल? मी खोक्यावरचा घर्षणाचा बाण पुढे काढला, ड्रायव्हरच्या केबिनच्या दिशेने. खोक्याला कुणी दोरी बांधलेली नाही, मागून कुणी ढकलत नाही, आणि तरी ते ट्रकबरोबर पुढे जातं. त्याला नेणारी एकच गोष्ट उरते, खालची फळी. ट्रक निघाला की खोकं मागे राहायला बघतं आणि घर्षण त्याला राहू देत नाही. वळ गावात आमचे गोडाऊनचे गाळे आहेत, माल भरलेल्या गाड्या मी जन्मापासून बघतेय. पण हे कळायला गाडी बघायचीही गरज नाही. घर्षणाचा नियम नीट वाचला तरी पुरे.

पेपर परत मिळाला तेव्हा माझ्या बाणावर लाल फुली होती. शेजारी लिहिलं होतं, "फ्रिक्शन उलटं!" आकृतीचे मार्क कापलेले आणि खाली उत्तराला बरोबरची खूण. म्हणजे आकृती चूक आणि तिच्यातून निघालेलं उत्तर बरोबर. सरांसारखा बाण उलटा काढला तरी आकडा तोच येतो, म्हणून इतकी वर्षं कुणाला काही खटकलं नव्हतं. त्या उलट्या बाणाने खोकं ट्रकच्या मागे रस्त्यावर पडायला हवं, हे कुणी बघितलंच नव्हतं.

माझ्या बाकावर अंबाडी गावाहून येणारी एक मैत्रीण बसायची. ती म्हणाली, "उत्तर आलंय ना तुझं? मग सोड ना यार. सरांशी कशाला पंगा?"

घरी आई आमच्या बोलीत म्हणाली, "पास झालीस ना? मग कशाला तोंड पारून बसलीस?"

मला कुणी फसवलं असतं तर इतका राग आला नसता. इथे सगळे खुशीत होते. चुकीचा बाण सगळ्यांना चालत होता आणि बरोबर बाण काढणारी तेवढी आगाऊ ठरत होती. मला ते मार्क नको होते. मला ती फुली जायला हवी होती, आणि जिथे सगळे "उलटं, सर" म्हणायचे त्या वर्गातच ती जायला हवी होती.

दोनदा स्टाफरूमच्या दारातून परत फिरले. तिसऱ्यांदा आत गेले. सर चहा पीत होते. मी त्यांच्या टेबलावरचं हजेरीचं रजिस्टर घेतलं, त्यावर डस्टर ठेवलं आणि रजिस्टर हळूच ओढलं. डस्टर बरोबर आलं. "सर, याला पुढे कोण आणतंय?"

सरांनी कप खाली ठेवला. स्वतः एकदा ओढून बघितलं. मग हसले. "हो गं. बरोबर आहे तुझं. पुढेच लागणार."

मग वर्गातही तसं सांगतील, असं मी धरून चालले.

"पण आता वर्गाला वेगळं सांगितलं तर गोंधळ होईल. पोरांना एक सोपा नियम लागतो. तुला कळलंय ना? झालं तर मग."

मी "थँक यू, सर" म्हणून बाहेर आले. कशाबद्दल थँक यू? आजही ते आठवलं की कानशिलं तापतात.

पुढच्या ट्युटोरियलला सरांनी उजळणी म्हणून तेच गणित घेतलं. ट्रक काढला, खोकं काढलं.

"फ्रिक्शन नेहमी?"

"उलटं, सर."

उलटा बाण काढता काढता त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं. त्यांना माहीत होतं. माहीत असून ते काढत होते.

मी उभी राहिले. "न्हाय," म्हणाले. इतकी वर्षं शिकलेलं सगळं इंग्लिश कुठे गेलं कोण जाणे, घरातलाच शब्द बाहेर पडला.

"अरे, मॅडम बोलली," मागून कुणीतरी म्हणालं.

"आज तो बारिश होगी," दुसरा म्हणाला. हशा झाला.

"शंका लेक्चरनंतर विचार," सर म्हणाले.

"लेक्चरनंतर विचारलीय सर. स्टाफरूममध्ये. माझं बरोबर आहे, असं तुम्हीच म्हणालात."

सरांनी डस्टर उचललं आणि बाण पुसला. मला वाटलं, आता पुढच्या दिशेने काढतील. त्यांनी खडू खाली ठेवला. "हे गणित परीक्षेला नाही येणार. पुढचं लिहून घ्या." ट्रकवर खोकं तसंच राहिलं, बाणाशिवाय.

मैत्रिणीने माझी ओढणी ओढली. "मग मी बाण कुठे काढू?"

"पुढे," मी म्हणाले. मी अजून उभीच होते, त्यामुळे ते शेवटच्या बाकापर्यंत ऐकू गेलं. सर फळ्याकडे तोंड करून पुढचं गणित लिहीत राहिले. "बस" म्हणायलाही ते वळले नाहीत, म्हणून मीही बसले नाही.