विष्णुपंतांची काचपेटी

विष्णुपंत पहिल्यांदा आमच्या घरी आले, तेव्हा नमस्कार-चमत्कार व्हायच्या आधीच त्यांनी रेडिओवरचं क्रोशाचं झाकण उचललं. मेलेली पाल उचलावी तसं, दोन बोटांत. नीट घडी करून माझ्या हातात दिलं आणि म्हणाले, "छी छी. एवढा छान रेडिओ, त्याला झबलं कशाला घालता, वहिनी? वस्तू कशी, कमीत कमी." ते झाकण मी अख्खा पावसाळा बसून विणलं होतं. बँकेने ह्यांची कलकत्त्याला बदली केली होती, सामान नुकतं लागलं होतं आणि बालीगंजमध्ये मराठी बोलणारं माणूस भेटलं म्हणून मी हौसेने पोहे केले होते. ते गेल्यावर मी ह्यांना सांगितलं, हा माणूस पुन्हा घरी आणू नका. पण आणायचा प्रश्नच नव्हता. ते आमच्याच इमारतीत, वरच्या मजल्यावर राहत होते.

जन्म कलकत्त्याचाच, एस्प्लनेडला विम्याच्या कचेरीत नोकरी. अंगाने काडी, कपडे पांढरेशुभ्र. चौकट, झालर, कडा, वेलबुट्टी दिसली की ते तोंड फिरवायचे. स्वतःच्या वडिलांच्या फोटोची चौकट त्यांनी काढून टाकली होती आणि नुसता कागद भिंतीला चिकटवला होता. "ज्याला आधार लागतो ते मुळात चुकलेलं असतं," असं म्हणायचे. जेवायला बसले की आमटीतला कढीपत्ता काढून पानाच्या कडेला ओळीने लावायचे. मला ते बघवत नसे.

आणि एवढ्या नाक मुरडणाऱ्या माणसाच्या घरात काय, तर किडे. विष्णुपंतांना मासे पाळायचा नाद होता. आपण ब्राह्मण, खायचे नाहीत, तर पाळायचे तरी कशाला? दर रविवारी हातीबागानच्या बाजारातून ते माशांना घालायला लाल, केसासारखे जिवंत किडे आणत. गटारातले. त्यांचा गोळा चहाच्या कानतुटक्या कपात, खिडकीत ठेवलेला असे. बारीक धार सोडून ते पाणी बदलायचे, बोटाने गोळा विसकटायचे, आणि तीच बोटं धोतराला पुसून चिवड्याच्या डिशकडे न्यायचे. त्या घरात कुबट वास मारायचा. मी तिथे पाण्याचा घोटही घेत नसे. स्पष्टच सांगते, मला त्या माणसाची किळस यायची.

त्यांची बायको, सुमनताई, मात्र सोन्यासारखी. तिच्या मनात एकच होतं. आमच्या भागातल्या मराठी घरांचा मिळून एक गणपती असायचा, दरवर्षी पाळीने एकेकाच्या घरी. सुमनताईंची पाळी दरवेळी कुणीतरी ओलांडून पुढे न्यायचं. गोडबोलेकाकू तोंडावर सांगत, "तुमच्याकडे नैवेद्य सोवळ्यात व्हायचा कसा? तो कप आधी घरातून काढा." सुमनताई हसून घ्यायच्या आणि आमच्या घरी येऊन ओट्याशी उभ्या राहायच्या. एकदा म्हणाल्या, "मालती, माझ्या हातचे मोदक माझ्या घरच्या गणपतीला दाखवायचेत गं. एकदाच." मी सगळ्यांकडे जाऊन वाद घातला. शेवटी एका वर्षी गोडबोलेकाकूंनी मान डोलावली. बांगलादेशची लढाई संपून गेली होती आणि कलकत्त्यात दिवे जायला लागले होते, तेव्हाची ही गोष्ट.

विष्णुपंतांनी कप गच्चीवर नेला. इथपर्यंत ठीक होतं. मग त्यांच्या डोक्यात आलं की गणपतीच्या मागे मखर नको, आरास नको. मागे नुसतं पाणी आणि त्यात मासे. त्या वेळी माशांच्या पेट्या लोखंडी चौकटीत काच बसवून, सांधे पोटीनच्या चिकट लगद्याने भरून करत. विष्णुपंतांना चौकटीचं वावडं. मेहुण्याने परदेशातून रबरासारख्या डिंकाच्या नळ्या पाठवल्या होत्या, काचेला काच चिकटवायला. तेवढ्यावर त्यांनी मोठ्या ट्रंकेएवढी लांब पेटी जुळवली. हॉलभर त्या डिंकाचा व्हिनेगरसारखा दर्प. नळीबरोबर आलेल्या कागदावर चित्र होतं. पेटीच्या वरच्या काठाला आतून काचेच्या पट्ट्या, आणि मध्यावर समोरच्या काचेपासून मागच्या काचेपर्यंत एक आडवी पट्टी. सुमनताईंनी ते चित्र पुढे केलं. "अहो, ही मधली पट्टी राहिली."

"ती घाबरटांसाठी," विष्णुपंत म्हणाले. "पाण्यावर पट्टी दिसली की सगळं गेलं. कमीत कमी, सुमन."

गणपतीच्या आदल्या दिवशी पेटी भरली. मी निवडलेल्या दूर्वा द्यायला वर गेले होते. सकाळी रिकाम्या पेटीच्या काचेत समोरच्या खिडकीचे गज सरळ दिसत होते. आता तेच गज मधे फुगले होते, पोटुशीच्या पदरासारखे. म्हणजे काच पाण्याने बाहेर ढकलली जात होती. मी बोट दाखवून म्हटलं, "विष्णुपंत, ही वाकलीय."

"वहिनी, काच वाकत नाही. काच एकतर असते नाहीतर नसते."

दुसऱ्या दिवशी आरती झाली, मोदकांचा नैवेद्य झाला. कुमारटुलीच्या मूर्तिकारांकडून आणलेली कच्च्या गंगामातीची मूर्ती, मागे हिरवट पाणी, त्यातून रुपेरी मासे सावकाश फिरताहेत. खोटं कशाला बोलू, सुरेख दिसत होतं. गोडबोलेकाकूसुद्धा "बरं केलंय" म्हणाल्या. सुमनताईंचा चेहरा असा मी कधी पाहिला नव्हता. केळीची पानं मांडली, पंगत बसली, वरणभातावर तूप पडलं. आणि पेटीचा कोपरा वरून खाली उसवला, जुन्या उशीची शिवण उसवावी तसा.

लोंढा आधी मूर्तीवर आला. मूर्ती चौरंगावरून खाली पडली, फुटली आणि पडल्या पडल्या रंग सोडायला लागली. तेच लाल-पिवळं पाणी आमच्या पानांवरून गेलं. शेवाळ, माशांची घाण, आणि कुठे दडून राहिलेले ते लाल किडे. गोडबोलेकाकूंच्या वरणभातात एक मासा तडफडत होता. माझ्या मोदकाला किडा चिकटला होता. काकू उठून मोरीकडे धावल्या, ते ओकारीचे आवाज सगळ्यांनी ऐकले. तेवढ्यात खालचे दत्तबाबू छतातून पाणी गळतंय म्हणून वर आले. दारातूनच ते सगळं बघून धीर द्यायला म्हणाले, "पूजोर दिने माछ, भालोई तो." त्यांच्यात पूजेच्या दिवशी मासा शुभ.

सुमनताई खाली बसल्या. ओंजळीने ती माती परातीत भरायला लागल्या. सोंडेचा तुकडा, कानाचा तुकडा. आणि विष्णुपंत काय करत होते? ते फुटलेल्या पेटीपाशी ओणवे होऊन सांध्यावरून बोट फिरवत होते. म्हणाले, "मधली पट्टी हवी होती." किड्यांची किळस परवडली. त्या क्षणी त्या वाकलेल्या पाठीची मला जी किळस आली, ती अजून आठवते.

सुमनताईंनी मान वर केली नाही. "हो ना," एवढंच म्हणाल्या. परातीवर अक्षता टाकल्या आणि ढाकुरियाच्या तळ्यावर नेऊन ती माती सोडली. परात विष्णुपंतांनी धरली होती. येताना दोघं चार हात अंतर ठेवून चालत होती.

पुढच्या वर्षी पाळीचं नावही कुणी काढलं नाही. तेव्हा विष्णुपंतांनी आपल्या घरापुरता गणपती आणला आणि दारोदार जाऊन जेवायला बोलावलं. त्यांनी "कमीत कमी" म्हणणं सोडलं होतं, पण लोकांना ते नको होते. गेलो फक्त आम्ही दोघं, तेही सुमनताईंसाठी.

गणपतीमागे ह्या खेपेला जरीची साडी लावलेली होती, झालरीसकट. पेटी समोरच्या भिंतीला. नवी. लोखंडी चौकट, काळंकुट्ट पोटीन, वर काठाला पट्ट्या, मधे आडव्या पट्ट्या. एवढं जाडजूड काम की मासे पिंजऱ्यात टाकल्यासारखे. त्यांनीच केलेली ती कुरूप पेटी. मी सुमनताईंना हळूच विचारलं, "पुन्हा पेटी कशाला?" त्या म्हणाल्या, "मीच करा म्हटलं. मासे गेल्यावर ह्या माणसाने बघायचं कुणाकडे?"

पानं मांडली. मी बसताना नकळत पेटीकडे पाहिलं असावं. विष्णुपंत पंगतीत बसलेच नाहीत. ते पेटीपाशी गेले आणि आमच्याकडे तोंड करून, मागे दोन्ही तळवे काचेवर टेकवून, पाठ लावून उभे राहिले.

हे म्हणाले, "विष्णुपंत, बसा ना पानावर."

"नको. तुमचं होऊ दे. वहिनी, निवांत जेवा."

पहिल्या भातापासून ताकापर्यंत तो माणूस तसाच उभा होता. कपाळावर घाम, पांढऱ्या सदऱ्याच्या बाहीला पोटीनचा काळा डाग. सुमनताई वाढताना मधूनच त्यांच्याकडे बघत होत्या. विष्णुपंतांच्या बाजूला, खिडकीत, तो कानतुटका कप होता, आणि त्यात लाल गोळा वळवळत होता.

मी त्या कपाकडे एकदा नीट बघितलं, आणि सुमनताईंकडे आणखी एक मोदक मागितला.