बास, आत्ती

मंजुळाच्या उजव्या हाताची मूठ पुरती मिटत नाही. तळहातावर विळ्याच्या पात्याचा आडवा डाग आहे आणि तिथली कातडी आखडली आहे. त्याच हातानं ती मोपाला विमानतळावर झाडू मारते, घरी भाकऱ्या थापते. कुणी विचारलं तर सांगत नाही. मी सांगते, कारण ते माझ्याच घरामागच्या चुलीपाशी घडलं आणि आठवलं की अजून माझं डोकं फिरतं.

मी कमलाक्षी, पेडण्याची. मागच्या दोन खोल्या भाड्यानं देते. मोपाच्या पठारावर बांधकाम सुरू झालं तेव्हा गडहिंग्लजकडचा धोंडिबा गवंडी बायकोला, म्हणजे मंजुळाला, आणि लहानग्या प्रतीक्षाला घेऊन त्या खोल्यांत राहायला आला. धोंडिबा मंजुळाचा सख्खा आतेभाऊ. त्यांच्याकडे मामाच्या मुलीवर भाच्याचा पहिला हक्क. म्हणून धोंडिबाच्या आईनं, सुमननं, आपल्या भावाचीच पोर सून करून आणली. "घरातली पोर घरात ऱ्हायली," हे म्हातारी इतक्या वेळा ऐकवायची की माझे कान किटले.

प्रतीक्षा ठणठणीत होती. तिच्या पाठीवर मुलगा झाला, आणि महिन्याभरात त्याला रक्ताचे जुलाब लागले. सुमननं त्याला गावी नेऊन पोटावर तापल्या विळ्यानं डाग दिले. त्यांचा जुनापुराणा उपाय. डाग चिघळले, पोर गेलं, आणि खापर फुटलं मंजुळाच्या दुधावर. तेव्हापासून धोंडिबाचा हात सुटला. भाजी खारट झाली तरी कमरेचा पट्टा निघायचा. मी मध्ये पडले की म्हणायचा, "काकी, आमच्या घरातलं हाय, तुमी जावा."

मग नितीन झाला आणि तेच दशावतार पुन्हा. लंगोटात रक्त, अंगभर पुळ्या, ढुंगणाशी गळवं येऊन फुटायची. डास चावला तरी तिथं पू. पेडण्यातली सगळी औषधं झाली. मंजुळा मोठ्या इस्पितळात न्यायचं म्हणत होती, तोवर गावाहून सुमन आली.

त्या सकाळी मी पोदेराकडून पाव घेऊन येते तर मागून किंकाळी. चुलीत विळा लाल झालेला. धोंडिबानं नितीनचे पाय धरलेले, सुमननं विळा उचललेला.

"ठेव तो खाली! माझ्या घरात ह्यां चलाचा नाय!" मी ओरडले.

"तुमी गप ऱ्हावा," म्हातारी फिस्कारली. "हिच्या म्हायेरचं रगातच नासकं. त्ये जाळल्याबिगर पोरगं जगायचं न्हाई."

विळा पोटावर टेकणार तोच मंजुळानं पातं धरलं. मुठीत धरलं, आणि सोडलं नाही. मांस करपल्याचा वास आला. धोंडिबानं तिच्या पाठीत लाथ घातली, केस धरून ओढलं, तरी सोडलं नाही. "बास, आत्ती," एवढंच म्हणत होती, "बास." मी कळशी चुलीत उपडी केली आणि पावाची पिशवी धोंडिबाच्या तोंडावर हाणली. माझ्या पुतण्याची, गौरेशची, रिक्षा दारातच होती. पोरगं आणि ती जळलेली बाई, दोघांना तिच्यात कोंबून मी थेट मोठं इस्पितळ गाठलं.

रक्ताच्या तपासण्या झाल्या, काही नमुने बाहेरगावी गेले. निकाल आला तेव्हा डॉक्टरीणबाईंनी नवरा-बायकोला बोलावलं. सुमन आगंतुकासारखी आलीच. मीही गेले, मला कोण अडवणार?

"आतड्यात जंतू सगळ्यांच्याच असतात," बाई म्हणाल्या. "शरीरातल्या पेशी त्यांच्यावर तुटून पडतात. मग इंटरल्युकिन-दहा नावाचं एक द्रव्य त्यांना सांगतं, आता थांबा. हा निरोप घ्यायला पेशींवर रिसेप्टर असतो, पेशीचा कानच म्हणा. नितीनच्या अंगात द्रव्य भरपूर आहे, पण तो कानच बिघडलाय. त्यामुळे मारामारी थांबत नाही, आणि पेशी त्याचंच आतडं फाडत राहतात."

"बगा, मी म्हनलं न्हवं?" सुमन लगेच म्हणाली. "हिच्या म्हायेरचं रगात."

बाईंनी तिच्याकडे पाहिलं. "हा दोष आई आणि बाप, दोघांकडून आलाय. एकाकडूनच आला असता तर काही झालं नसतं. आणि आजी, हिचं माहेर म्हणजे तुमचंच माहेर ना?"

धोंडिबा उठला. मला वाटलं मंजुळाला मारतो आता. पण तो बाहेर गेला आणि भिंतीवर स्वतःचं डोकं आपटायला लागला. कपाळ फुटलं तरी थांबेना, तीन माणसांनी धरलं. शरीर आपल्याच आतड्यांवर उठतं म्हणजे काय, ते मला तेव्हा दिसलं. दुसऱ्या दिवशी तो गावी गेला तो परत फिरकलाच नाही. मला तरी बरंच वाटलं.

उपाय एकच होता, ह्या पेशी जिथं तयार होतात तो हाडातला मगजच भावंडाचा नितीनला द्यायचा. प्रतीक्षाचा जुळला. बेंगळुरूला आधी जहाल औषधांनी पोराचा सगळा जुना मगज मारला. केस गेले, तोंड आतून सोललं, पाण्याच्या घोटालाही ओरडायचा. मंजुळा काचेबाहेर जळका हात छातीशी धरून बसलेली असायची. मी भेटायला गेले तेव्हा मला रडू आवरेना. तिनंच माझी समजूत घातली.

नितीन जगला. गेल्या काजूच्या हंगामात त्याला झाडाखाली तांबड्या मुंग्या डसल्या, पाय टरटरून सुजला. मंजुळा दिवसभर त्या पायाकडे बघत बसली. संध्याकाळी सूज आपोआप उतरली. उतरली, तशी ती त्या पायाला धरून हमसाहमशी रडली.

त्यानंतर काही दिवसांनी सुमन आली. नारळ, खण, हिरव्या बांगड्या घेऊन. नातवाला जवळ घेतलं, रडली, मग प्रतीक्षाच्या तोंडावरून हात फिरवून म्हणाली, "मंजुळे, आपली रुक्मी हाय न्हवं, तुजी नणंद, तिच्या पोराला ही द्यायची. आतापास्नंच सबूद दे. घरातली पोर घरात ऱ्हाईल."

मला शिवी सुचेना, इतकी चीड आली. मंजुळा उठली. आत गेली, तो विळा घेऊन आली आणि त्याचं पातं चुलीत खुपसलं.

"आत्ती, पदर सारा," ती म्हणाली. "पोटाला डाग देते. मग बोलू."

म्हातारी उठली ती चपला हातात घेऊन बसस्टँडकडे धावली. खण आणि बांगड्या मंजुळानं तिच्यामागे रस्त्यावर भिरकावल्या. नारळ तेवढा मी ठेवून घेतला, दुपारच्या आमटीला झाला. चुलीत विस्तव नव्हताच, सकाळपासून आम्ही गॅसवरच रांधत होतो.