आधी मूळ देखा

अमळनेर रस्त्यावर रोपवाटिका चालवणारे आबा वांग्याची रोपं विकण्याआधी एक उपटतात, माती झटकतात आणि मूळ गिऱ्हाइकाच्या डोळ्यांसमोर धरतात. “पान काय देखतस भाऊ? आधी मूळ देखा.” यात ओळखीच्यालाही सूट नाही.

यंदा ओल टिकावी म्हणून त्यांनी बांधावरचं गाजर गवत कापून वाफ्यांवर अंथरलं. त्याचं विष पाण्याबरोबर खाली उतरून कोवळी मुळं जाळतं, असं मी म्हणालो, तर ते हसले. “गवतच शे ते.”

पुढच्या खेपेला रोपं टवटवीत दिसली; फक्त कडेला फेकलेल्या दोन-चार रोपांची मुळं आखूड, तपकिरी होती. आबांनी माझी जुडी उपटली, लगेच मुळांना ओलं गोणपाट गुंडाळलं आणि ती माझ्या हातात दिली.

“पानं देखा भाऊ,” ते म्हणाले, “कशी हिरवीगार शेतस.”