लोकरीचं टेबल

माझे वडील, आप्पा, बढाया मारत नाहीत. ऊस चांगला आला तर म्हणतात पाणी वेळेवर मिळालं. मी दहावीला बऱ्या मार्कांनी पास झाले तेव्हा म्हणाले, तुमच्या बाईंनी मनापासून शिकवलं. पण एक वाक्य मात्र मी लहानपणापासून त्यांच्या तोंडून ऐकत आले आहे : "माझं सूत कवा तुटलं न्हाई."

हे आमच्याकडे मेंढरं होती आणि ते लोकर कातायचे तेव्हाचं. दिवाळी झाली की घरची माणसं कळप घेऊन कोकणात उतरायची आणि पावसाच्या आधी गावी, खुटबावला परतायची. आप्पा विशीत असेपर्यंत हे चाललं. मग शेताला कालव्याचं पाणी आलं, मेंढरं विकली, आणि घर एका जागी बसलं. आईचं लग्न त्यानंतरचं. त्यामुळे आप्पांनी कातलेलं सूत तिनेही कधी पाहिलं नव्हतं. "बघितलंय का कुणी तुमचं सूत?" असं ती अधूनमधून विचारायची आणि आप्पा ताटाकडे बघत भाकरी मोडायचे.

मी दौंडला इंग्रजी शाळेत शिकले. फॉर्मवर वडिलांचा व्यवसाय 'शेती' असा लिहायचे आणि तेवढं पुरायचं. मेंढरांबद्दल मला कुणी विचारलं नाही आणि मी कुणाला सांगितलं नाही. न सांगणं मला सोपं जातं.

आता मी शिक्रापूरजवळच्या एका कारखान्याच्या ऑफिसात काम करते आणि दोन मुलींबरोबर खोली घेऊन राहते. शनिवारी घरी जाताना न्हावऱ्याहून चौफुल्याकडे येणाऱ्या रस्त्यावर एक लांबलचक शेड लागते. तिथे पूर्वी कोंबड्या होत्या. गेल्या वर्षी तिची जाळी रंगवलेली दिसली, पुढे कडुनिंबाखाली झाडलोट झालेली दिसली, आणि मग एक पाटी : मे महिन्यातले सगळे रविवार, कुटुंबांसाठी, विनामूल्य. माती, बांबू, कागद, लोकर. खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं की एकट्याने येऊ नये, घरातलं कुणीतरी सोबत आणावं.

घरी मी सांगितलं की तिथे एक कलाकेंद्र उघडलंय आणि रविवारी सगळ्यांनी मिळून जायचं असतं. चुलते चहा पीत होते, त्यांना ठसका लागला.

"कलाकेंद्र? चौफुल्याला? आन् बायकापोरं घिऊन?"

आमच्या भागात कलाकेंद्र म्हटलं की ढोलकी आणि घुंगरंच आठवतात. हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. मी घाईने 'हस्तकला' म्हणाले, तोवर सगळं घर हसत होतं. आईला वेगळीच शंका होती.

"फुकट हाय म्हंजी प्लॉटवाले असत्याल. आधी सरबत देत्यात, मग सही मागत्यात."

तरी पहिल्या रविवारी ती माझ्याबरोबर आली, सही न करण्याच्या तयारीने. कुणी सही मागितली नाही. शेड चालवणाऱ्या ताई चाळिशीच्या असतील. पुण्याहून येऊन राहिल्या होत्या. आम्ही पोचलो तेव्हा त्या स्वतःच झाडत होत्या. मला त्या पहिल्या दिवसापासून आवडल्या, कारण त्या उगाच कुणाला 'छान' म्हणत नव्हत्या. मुलाने मातीचा बैल दाखवला तर त्या खाली बसायच्या, बैल हातात घ्यायच्या, आणि विचारायच्या, "याची मान अशी का वळलीय?" मूल मग बरंच काही सांगायचं. आई मातीच्या टेबलावर गेली आणि दोन तास उठली नाही. तिने एक चूल केली, त्यावर तवा, तव्यावर भाकरी.

लोकरीच्या टेबलावर कुणीच नव्हतं. काळी लोकर टोपलीत होती आणि बाजूला पाच-सहा टकळ्या, लाकडी चकतीतून काडी घातलेल्या. मी तिथे बराच वेळ उभी राहिले. शेवटी ताई जवळ आल्या तेव्हा माझ्या तोंडून गेलं, "माझ्या वडिलांना हे येतं."

असं मी कधी करत नाही.

ताईंनी हातातलं फडकं खाली ठेवलं. "खरंच? मी हे एका वर्गात शिकले. ज्यांचं रोजचं काम होतं अशा कुणाला मी अजून पाहिलेलं नाही. पुढच्या रविवारी आणाल त्यांना?" आणि मी हो म्हणेपर्यंत त्यांनी नाव-गाव विचारून दाराजवळच्या फळ्यावर खडूने लिहिलंसुद्धा : पुढच्या रविवारी लोकर कातून दाखवणार, खुटबावचे आप्पा.

ते वाचल्यावर मला तो फळा पुसावासा वाटला. आप्पांची एकुलती एक बढाई मी चौफुल्याच्या रस्त्यावर लावून दिली होती.

आप्पांना मी संध्याकाळी सांगितलं. रात्री जेवताना म्हणाले, "तीस वरसं झाली." एवढंच. बुधवारी आईचा फोन आला. आवाज दाबून बोलत होती. "तुझा बाप गोठ्यात बसून पोत्याची सुतळी उलगडतोय आन् परत पिळतोय. हाताला खोबऱ्याचं तेल लावलंय, भेगा बुजाव्या म्हणून. मी बघितलं की उठून वैरण टाकायला लागतो. कशाला लिवून दिलंस तू?"



रविवारी आप्पांनी पांढरा शर्ट घातला, नवी टोपी घातली. शेडमध्ये गर्दी होती. भांडगावचे एक बागाईतदार दोन नातींना घेऊन आले होते. सगळे त्यांना मामा म्हणत. साखर कारखान्याच्या सभेत आप्पा त्यांच्यापासून चार ओळी मागे बसायचे, एवढी ओळख. मामांनी मोठ्याने हाक मारली.

"या आप्पा, या! फळ्यावर नाव तुमचं. आमचं नाव फक्त सोसायटीच्या थकबाकीच्या नोटिशीवर येतं."

ताईंनी आप्पांना खुर्ची दिली. समोर टेबल, टेबलावर लोकर, भोवती पंधरा-वीस माणसं. आप्पा खुर्चीच्या अगदी कडेला बसले. त्यांनी टकळी हातात फिरवून पाहिली आणि हळूच म्हणाले, "आमच्यात चाती म्हणत्यात हिला." मग लोकर बोटांनी सैल केली. तिथवर सगळं बरोबर वाटत होतं. त्यांनी मांडीवर घासून चाती सोडली, ती गरगर भिंगली, लोकरीतून वीतभर धागा निघाला आणि तुटला. चाती फरशीवर पडली.

"होतं असं," ताई म्हणाल्या. "धाग्याकडे लक्ष ठेवा. नजर तिथेच असू द्या."

आप्पांनी मान हलवली. शिकवणाऱ्या माणसाचं ऐकायचं, ही त्यांची सवय आहे. त्यांनी डोळे बारीक करून धाग्याकडे पाहिलं. या वेळी धागा लवकर तुटला. तिसऱ्यांदा तो एका जागी जाड झाला, पुढे केसासारखा बारीक झाला, आणि गेला.

"आप्पा, सूत काढताय का शेवया?" मामा म्हणाले. माणसं हसली. वाईट हसू नव्हतं ते, रविवारचं हसू होतं. पण आप्पांच्या कपाळावर घाम आला होता. त्यांनी चाती टेबलावर ठेवली, टोपी सारखी केली आणि आईला म्हणाले, "चल. इसारलो मी."

आई एरवी पहिली बोलली असती. त्या दिवशी तिने पिशवी उचलली आणि खाली बघितलं. मला तिचं ते खाली बघणं सहन झालं नाही.

मी टेबलाच्या दुसऱ्या बाजूला, जरा मागे उभी होते. गर्दीत मी नेहमी अशीच जागा धरते, आणि तिथून लोकांना न दिसणाऱ्या गोष्टी दिसतात. मला आप्पांचे पाय दिसत होते. हात काम करत होते तितका वेळ त्यांचे पाय टेबलाखाली हलत होते. टाच उचलायची, टेकायची, मग दुसरी टाच. कुठेतरी निघाल्यासारखे. चाती पडली की पाय थांबायचे. नवा धागा सुरू झाला की परत चालू.

हा माणूस खुर्चीत बसून कधी कातत नव्हता. कळपाच्या मागे चालता चालता कातत होता. घाट उतरताना, नदीच्या काठाने, कापणी झालेल्या रानातून. तेव्हा नजर मेंढरांवर असायची. हाताकडे बघायला सवड कुणाला होती? आम्ही त्यांना बसवलं होतं आणि वर हाताकडे बघायला लावलं होतं.

हे कळलं तरी ते बोलून दाखवायचं होतं, वीस माणसांसमोर, आणि ते मला जमणारं नव्हतं. आप्पा दारापर्यंत गेले होते. मी चाती उचलली, टोपलीतली लोकर घेतली आणि त्यांच्या मागे बाहेर गेले. कडुनिंबाखाली त्यांना गाठलं.

"आप्पा, बसून नाही. चालत."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग लोकरीकडे. त्यांनी शर्टाची डावी बाही कोपरापर्यंत सारली, लोकर मनगटाभोवती गुंडाळली आणि चपला काढल्या. उन्हात माती तापलेली होती. त्यांनी चाती सोडली आणि ते चालायला लागले.

शेडच्या कडेने, पाण्याच्या टाकीला वळसा घालून, कुंपणापर्यंत. हात छातीशी, चाती भिंगत गुडघ्यापर्यंत खाली जायची, ते एका झटक्यात सूत तिच्यावर गुंडाळायचे आणि परत सोडायचे. या सगळ्यात पाय थांबला नाही. धाग्याकडे ते एकदाही बघत नव्हते. त्यांना पुढे बघायला काहीतरी हवं होतं, आणि तेवढ्यात मामांच्या दोन नाती आणि आणखी चार-पाच पोरं काय चाललंय म्हणून धावत त्यांच्या पुढे आली. एक पोर रस्त्याकडे पळालं तशी आप्पांनी जिभेने टाळूवर एक खणखणीत आवाज काढला, "ट्रर्र ट्रर्र, हिकडं!" पोर जागच्या जागी वळलं. सगळी पोरं पुढे, आप्पा मागे, आणि मधे ती काळ्या सुताची चाती फिरत राहिलेली.

"अवो आप्पा!" मामा दारातून ओरडले. "आमच्या नातींची मेंढरं केली व्हय?"

"गुणाच्या हायत," आप्पा मागे न बघता म्हणाले. "वळवलं की वळत्यात."

त्यावर मामाच सगळ्यांत मोठ्याने हसले, आणि मग चपला काढून तेही चालू लागले. लोकर नव्हती त्यांच्याकडे, नुसतेच.

आप्पांनी किती फेऱ्या मारल्या मला सांगता येणार नाही. मी मोजल्या नाहीत. मी ते सूत बघत होते. वळणावर, दगडावर, पोरांना हाकताना ते एकसारखं उतरत होतं. मी ऑफिसात दिवसभर यंत्रांचे आकडे बघते, एकसारखेपणाची किंमत मला माहीत आहे. पण हा एकसारखेपणा एका चालत्या माणसाच्या बोटातून येत होता, आणि तो माणूस माझा बाप होता, आणि इतकी वर्षं त्याच्या त्या एका वाक्याला मी मनातल्या मनात हसत आले होते.

ते परत आले तेव्हा चाती भरलेली होती. त्यांनी ती ताईंच्या हातात दिली. ताईंनी सूत बोटावर ओढून पाहिलं, उजेडात धरलं. यावेळीही त्या 'छान' म्हणाल्या नाहीत. म्हणाल्या, "मी तुम्हाला चुकीचं सांगितलं. मी बसूनच शिकले होते, त्यामुळे मला वाटलं असंच असतं."

"तुमचं बी बराबर हाय," आप्पा म्हणाले. "बसल्या माणसाचं सूत निराळं."

आईने ताईंच्या हातातून चाती घेतली. हातभर सूत उलगडलं, दोन्ही मुठींत धरलं आणि ताणलं. परत ताणलं. मग ती सूत नीट गुंडाळायला लागली.

ताईंनी उरलेल्या रविवारी यायला सांगितलं तेव्हा आप्पांनी एकच गोष्ट मागितली : खुर्च्या नकोत. ताईंनी तिथल्या तिथे लोकरीचं टेबल उचलायला घेतलं. एक बाजू त्यांनी धरली, दुसरी मी.

आम्ही घरी निघालो. यवतचा फाटा आला तेव्हा त्यांनी खिशातून फोन काढला आणि मला त्यांच्या मामेभावाचा नंबर लावून द्यायला सांगितला. त्या घरात अजून मेंढरं आहेत. त्या दिवसांत कोकणातून परतून ते पाटसच्या बाजूला एका रानात उतरले होते. आप्पा फोनवर ओरडून बोलतात, पलीकडचेही ओरडून बोलतात, त्यामुळे सगळं ऐकू येत होतं.

"मेंढरांची कातरण झाली का रं?"

"चालू हाय. का?"

"लोकर पायजे. तिथली लई कचऱ्याची हाय, काटं लागत्यात हाताला."

"आन् तुला कशाला लोकर? मे महिन्यात थंडी वाजती व्हय?"

"पोरांना शिकवायचंय."

"कुणाच्या पोरांना?"

"भांडगावच्या."

पलीकडून नुसतं हसू येत राहिलं. आप्पांनी फोन कानापासून जरा लांब धरला आणि ते संपायची वाट पाहिली. मग परत कानाला लावून म्हणाले, "काळी दे. कोकराची असंल तर लई बरं. पोरांची बोटं मऊ असत्यात."